पीस आधी, उड्डाण नंतर

संस्कृतातील 'पत्' या धातूचे दोन अर्थ कोशात शेजारी शेजारी दिलेले असतात : उडणे आणि पडणे. पतंग, पतत्री हे शब्द पहिल्या अर्थातून आले. पतन, पतित हे दुसऱ्यातून. मराठीकडे हा धातू प्राकृतामार्फत आला तो 'पडणे' एवढ्याच अर्थाने. आपले 'उडणे' निराळ्या, 'डी' या धातूवरून आले. 'पत्र' हा शब्दही 'पत्'वरूनच साधतात. पंख किंवा पीस हा त्याचा एक जुना अर्थ; मग झाडाचे पान, आणि पानावर लिहिले जाऊ लागल्यावर आपण आज ज्याला पत्र म्हणतो ते. ग्रीकमधील 'प्टेरिक्स' म्हणजे पंख, लॅटिनमधील 'पेना' म्हणजे पीस, त्यावरून आलेले 'पेन' आणि खुद्द इंग्रजी 'फेदर' या साऱ्यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ याच कुळात शोधतात. म्हणजे भारोपीय भाषांनी पीस आणि उडणे यांची गाठ फार पूर्वीच मारून ठेवली आहे. जे उडवते ते पीस, अशी ती गाठ आहे.

पक्ष्यांच्या उगमाचा शोध घेणाऱ्या विज्ञानाला ही गाठ सोडवायला सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकाच साहित्याच्या विद्यार्थ्यानेही वाचावा असा आहे. 'उगम' या गोष्टीविषयी कसा विचार करावा, आणि मुख्य म्हणजे कसा करू नये, याचा एक चांगला पाठ त्यात आहे.

शिळेवरचे पीस

१७९६ साली म्युनिकमध्ये अलोइस झेनेफेल्डरने शिलामुद्रणाची युक्ती शोधली. तिला लागणारा, अतिशय बारीक पोताचा चुनखडक बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या परिसरात निघतो. पुढे याच तंत्राने जगभर पुस्तके आणि चित्रे छापली गेली. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातही शिळाछापाला महत्त्वाचे स्थान आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळेवरच. झोल्नहोफेनच्या खाणीतील कामगार छपाईसाठी एकेक थर हाताने सोलून काढीत, दोन्ही बाजू न्याहाळीत. हा दगड छपाईचा नसता तर तो इतक्या निगुतीने कोणी उलगडला नसता, आणि मग पुढची कथाही घडली नसती.

१८६१ साली हेर्मान फॉन मायर यांनी अशा एका शिळेवर उमटलेल्या पिसाची नोंद प्रसिद्ध केली. एकच पीस, सुटे. पण दगड सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. इतका जुना पक्षी तोवर कोणाला ठाऊक नव्हता. मायर यांनी त्याला नाव दिले 'आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका'. आर्किओप्टेरिक्स म्हणजे प्राचीन पंख, आणि लिथोग्राफिका म्हणजे शिळाछापाच्या दगडातला. त्याच वर्षी पिसांसह जवळजवळ सगळा सांगाडाही हाती आला. तो कार्ल हेबरलाइन नावाच्या डॉक्टरकडे गेला. हे गृहस्थ उपचारांच्या मोबदल्यात खाणकामगारांकडून जीवाश्म घेत असत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने १८६२ साली इतर जीवाश्मांसह तो ७०० पौंडांना विकत घेतला.

काळ लक्षात घेतला पाहिजे. डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले होते. एका प्राणिगटातून दुसरा गट निघाला असेल तर मधल्या अवस्थांचे पुरावे कुठे आहेत, हा त्याच्या विरोधकांचा मोठा आक्षेप होता. आणि दोनच वर्षांत पिसे असलेला, पण शेपटी सरड्यासारखी लांब व हाडांची आणि पंखांना नखे असलेला हा प्राणी समोर आला. म्युनिकचे आन्द्रेआस वाग्नर यांनी तो न पाहताच त्याला सरीसृप ठरवून 'ग्रिफोसॉरस' असे नाव दिले आणि डार्विनवाद्यांना त्याचा उपयोग करू देऊ नका, असा इशाराही दिला. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८६३ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि तो निखालस पक्षी असल्याचा निर्वाळा दिला. वाग्नर यांना पिसे दिसूनही पक्षी दिसला नाही. ओवेन यांना सांगाडा दिसूनही सरीसृप दिसला नाही. पुरावा एकच होता.

ओवेन यांच्या वाचनातून सुटलेली एक गोष्ट दुसऱ्याच माणसाच्या नजरेस पडली. जॉन इव्हान्स हे प्राचीन नाणी आणि दगडी हत्यारे यांचे अभ्यासक. त्याच शिळेवर त्यांना दात असलेला जबडा दिसला आणि १८६५ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. पक्ष्याला दात असतील ही कल्पनाच तेव्हा पुष्कळांना अस्वस्थ करणारी होती. पुढे हेबरलाइन यांच्या मुलाकडे आलेला, कवटीसह असलेला दुसरा सुंदर नमुना बर्लिनला गेला. व्हेर्नर फॉन झीमेन्स यांनी त्यासाठी २०,००० मार्क मोजले होते. त्यावरून दातांविषयीचा वाद मिटला.

एका हाडाची अनुपस्थिती

टॉमस हक्स्ले यांनी १८६८ ते १८७० या काळात पक्षी आणि डायनोसॉर यांच्यातील साम्याकडे लक्ष वेधले. झोल्नहोफेनच्याच दगडात सापडलेला कॉम्प्सोग्नाथस हा कोंबडीएवढा डायनोसॉर आणि आर्किओप्टेरिक्स यांचे मागचे पाय व कंबरेची हाडे पाहिली तर हे दोघे एकाच घराण्यातले वाटावेत, असे त्यांचे निरीक्षण होते. ही दिशा योग्य होती. तरीही विसाव्या शतकाचा मोठा भाग ती सोडून देण्यात गेला. ते का घडले, हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे.

गेरहार्ड हायलमान हे डेन्मार्कचे चित्रकार; तिथल्या चलनी नोटांची चित्रेही त्यांनी काढली. प्राणिशास्त्रातील पदवी नसताना त्यांनी पक्ष्यांच्या उगमाचा ध्यास घेतला. आधी डॅनिशमध्ये लेखमाला आणि मग १९२६ साली इंग्रजीत 'द ओरिजिन ऑफ बर्ड्स' हे पुस्तक असा त्यांचा प्रवास झाला. त्यांनी अवयवामागून अवयव तपासला आणि प्रत्येक ठिकाणी पक्ष्यांचे सर्वांत जवळचे साम्य मांसाहारी डायनोसॉरांशीच निघाले. मात्र एक अडचण होती. पक्ष्यांच्या छातीपाशी दोन्ही गळपट्टीची हाडे जुळून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे एक हाड झालेले असते. डायनोसॉरांना गळपट्टीची हाडे नव्हती असे तेव्हा मानले जाई. उत्क्रांतीत एकदा गमावलेला अवयव पुन्हा मिळत नाही, हा नियम हायलमान प्रमाण मानीत होते. म्हणून समोर आलेला सारा पुरावा बाजूला सारून त्यांनी निष्कर्ष काढला की पक्षी डायनोसॉरांपासून नव्हे, तर दोघांच्याही आधीच्या एखाद्या सरीसृपापासून आले असावेत. पुस्तकाची मांडणी इतकी नेटकी होती की पुढची सुमारे चाळीस वर्षे हा प्रश्न जणू निकालात निघाला.

वस्तुस्थिती अशी की ते हाड तेव्हा सापडलेले होते. १९२४ साली हेन्री ऑस्बर्न यांनी मंगोलियातील ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरचे वर्णन केले, त्यातच ते होते. फक्त त्याची ओळख चुकली होती, त्याला दुसऱ्याच हाडाचे नाव मिळाले होते. म्हणजे 'नाही' म्हणून ज्यावर सिद्धान्त उभारला ते वस्तुसंग्रहालयात होते, आणि हायलमान यांचे पुस्तक येण्यापूर्वी दोन वर्षे छापूनही झाले होते. 'पुरावा सापडलेला नाही' आणि 'ती गोष्ट नव्हती' या दोन विधानांतील अंतर आपण वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असतो. ते विसरले की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

ओव्हिरॅप्टरची कथा इथेच संपत नाही. या नावाचा अर्थ अंडीचोर. तो अंड्यांच्या घरट्याजवळ सापडला आणि ती अंडी दुसऱ्या डायनोसॉरची असावीत असे समजले गेले, म्हणून हे नाव. ते दिशाभूल करणारे ठरू शकेल, अशी शंका ऑस्बर्न यांनी स्वतःच नोंदवली होती. सुमारे सत्तर वर्षांनी, १९९० च्या दशकात, तशाच अंड्यात याच कुळातील प्राण्याचा गर्भ मिळाला. पाठोपाठ दोन्ही हात अंड्यांभोवती पसरून, खुडूक कोंबडीसारखा बसलेला एक सांगाडाही उजेडात आला. ज्याला चोर म्हटले त्याच्या कुळात अंडी उबवण्याची रीत होती. नाव मात्र नियमानुसार कायम राहिले.

चुकीच्या नावाची पेटी

१९६४ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात जॉन ऑस्ट्रम यांना डायनोनिकस या चपळ, शिकारी डायनोसॉरचे अवशेष सापडले. १९६९ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, ते उडणाऱ्या सरीसृपांचे नमुने पाहण्यासाठी नेदरलँड्समधील हार्लेम येथील टायलर संग्रहालयात गेले. तिथे एका नमुन्यावर टेरोडॅक्टिलस असे नाव होते. १८५५ साली सापडलेल्या या नमुन्याला ते नाव दिले होते खुद्द फॉन मायर यांनी. ऑस्ट्रम यांनी शिळा तिरप्या प्रकाशात धरली तेव्हा त्यांना पिसांचे पुसट ठसे दिसले. तो आर्किओप्टेरिक्स आहे, असे त्यांनी जाहीर केले. म्हणजे प्रसिद्ध पिसाच्या सहा वर्षे आधीच पिसे असलेला प्राणी सापडला होता, आणि ज्यांनी पुढे त्या पिसाला नाव दिले त्यांच्याच हातून तो निसटला होता.

या नमुन्याच्या हातांची हाडे पाहताना ऑस्ट्रम यांना डायनोनिकसच्या मनगटाची आठवण झाली. दोन्हींत अर्धचंद्राकृती हाड होते; त्यामुळे हात बाजूला घडी घालता येई, जसा पक्षी पंख मिटतो तसा. १९७० च्या दशकातील त्यांच्या लेखांनी हक्स्ले यांचा विचार पुन्हा मध्यभागी आणला. २०१७ साली हार्लेमच्या नमुन्याचा पुन्हा अभ्यास झाला आणि तो आर्किओप्टेरिक्सही नसून पक्ष्यासारखाच एक वेगळा डायनोसॉर आहे, असे मत पुढे आले. त्याचे नवे नाव 'ऑस्ट्रोमिया'. ज्याने चूक दुरुस्त केली त्याचीही दुरुस्ती झाली, आणि ती करताना त्याचेच नाव दिले गेले. विद्येच्या परंपरेत याहून मोठा मान कोणता?

लिआओनिंगची राख

१९९६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका परिषदेत चीनहून आलेल्या अभ्यासकांनी काही छायाचित्रे दाखवली. ईशान्य चीनमधील लिआओनिंग प्रांतात, ज्वालामुखीच्या राखेने भरलेल्या जुन्या सरोवरांच्या गाळात, एका शेतकऱ्याला छोटा डायनोसॉर सापडला होता. त्याच्या मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत तंतूंची झालर होती. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचे नाव सायनोसॉरोप्टेरिक्स. त्याचे हात आखूड, शेपटी लांब. उडण्याचा प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रम यांनी ती छायाचित्रे पाहिली तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट होते.

त्यानंतर अशा शोधांची रीघ लागली. १९९८ साली कॉडिप्टेरिक्स आला. त्याच्या हाताला आणि शेपटीला खरीखुरी, दांडा आणि पाते असलेली पिसे होती, पण हात आखूड आणि पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या रुंदीच्या. हा तपशील महत्त्वाचा. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखातील मोठे पीस हातात घेऊन पाहिले तर दांड्याच्या एका बाजूचे पाते अरुंद, दुसऱ्या बाजूचे रुंद दिसते. हवा कापणारी कड अरुंद असते. आर्किओप्टेरिक्सची पिसे अशी विषम होती. कॉडिप्टेरिक्सची नव्हती. पीस होते, उड्डाण नव्हते. २०१२ साली तर यूटिरॅनस हा सुमारे नऊ मीटर लांबीचा, तंतूंनी मढलेला डायनोसॉर जाहीर झाला.

रिचर्ड प्रम यांनी १९९९ मध्ये पिसाच्या वाढीवरून त्याच्या उत्क्रांतीचे टप्पे मांडले. आधी त्वचेतून वर येणारी पोकळ नळी. मग एका बुडाशी तंतूंचा झुबका. मग मधला दांडा आणि तंतूंना फुटलेले बारीक उपतंतू. मग त्या उपतंतूंच्या आकड्यांनी एकमेकांत अडकून झालेले सलग पाते. आणि सर्वांत शेवटी विषम पाते. पक्ष्याच्या त्वचेत आजही पीस नळीपासूनच वाढते. लिआओनिंगच्या जीवाश्मांत यांतील निरनिराळ्या अवस्थांशी जुळणारे नमुने मिळाले. यांपैकी फक्त शेवटचा टप्पा उड्डाणावाचून उलगडत नाही. आधीचे टप्पे ऊब धरण्यासाठी, अंडी झाकण्यासाठी, जोडीदाराला किंवा प्रतिस्पर्ध्याला दिसण्यासाठी उपयोगी पडले असावेत. शेवटच्या शक्यतेला २०१० मध्ये बळ मिळाले. जीवाश्म पिसांतील रंगकणांच्या आकारावरून सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते, तर सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या अँकिऑर्निसच्या काळ्यापांढऱ्या अंगावर तांबडा तुरा होता, असे दिसून आले.

एका कामासाठी घडलेली गोष्ट पुढे वेगळ्याच कामी येणे, या प्रकाराला स्टीफन जे गूल्ड आणि एलिझाबेथ व्हर्बा यांनी १९८२ साली स्वतंत्र संज्ञा दिली होती आणि पीस हेच त्याचे एक उदाहरण म्हणून घेतले होते. पीस उडण्यासाठी निर्माण झाले नाही. ते होते, म्हणून उडता आले.

चकोराची साक्ष

मग उड्डाण आले कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दोन पक्ष पडले होते. सॅम्युअल विलिस्टन यांनी १८७९ साली सुचवले की जमिनीवर धावणारे प्राणी हात हलवत वर उठले. ऑथ्निएल मार्श यांनी १८८० मध्ये उलट मत मांडले : झाडावरून उड्या टाकणारे प्राणी तरंगू लागले. आपल्या 'पत्' धातूतील दोन अर्थच जणू समोरासमोर उभे राहिले. १९१५ साली विल्यम बीब यांनी हातांप्रमाणे पायांनाही पंख असलेल्या पूर्वजाची कल्पना केली, आणि २००३ साली शू शिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तसा, चारही अवयवांना लांब विषम पिसे असलेला मायक्रोरॅप्टर वर्णिला. झाडाच्या पक्षाला आनंद झाला.

त्याच वर्षी केनेथ डायल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगातला पक्षी होता चुकार, म्हणजे आपला चकोर. त्याचे इंग्रजी नावही आपल्याकडूनच गेलेले आहे. चांदण्यावर जगणारा म्हणून कवींनी ज्याला अमर केले तो हा पक्षी प्रत्यक्षात डोंगरउतारावर धावणारा आहे. डायल यांना दिसले की संकटात सापडलेली चकोराची पिल्ले उडत नाहीत. अर्धवट वाढलेले पंख फडफडवीत ती तीव्र चढ धावत चढतात. ही फडफड त्यांना उचलण्यापेक्षा उताराशी दाबून धरते, त्यामुळे पाय घसरत नाहीत. पिसे कापली की चढणे कठीण जाते. 'अर्ध्या पंखाचा उपयोग काय?' हा उत्क्रांतीच्या विरोधकांचा जुना प्रश्न. त्याचे एक उत्तर या पिल्लांनी दिले. पहिल्या पक्ष्यांनी हेच केले असे यावरून सिद्ध होत नाही; पण जमीन की झाड, हा प्रश्न 'एक तरी खरे, नाहीतर दुसरे' अशा स्वरूपाचा असलाच पाहिजे, हा आग्रह त्यामुळे सैल झाला.

मूळ प्रत आणि प्रक्षेप

साहित्याच्या अभ्यासकाला जवळची वाटावी अशी आणखी एक बाजू या इतिहासाला आहे. १९८५ साली फ्रेड हॉइल, चंद्र विक्रमसिंघे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा आरोप केला की लंडनच्या नमुन्यावरील पिसे कोणीतरी लेप लावून मागाहून उमटवली आहेत. म्हणजे हा प्रक्षेप आहे. संग्रहालयाच्या अभ्यासकांनी १९८६ साली दिलेले उत्तर पाठचिकित्सेच्या धाटणीचे होते. दगड फोडला की त्याची दोन पाने होतात. केसाएवढ्या बारीक भेगा आणि खनिजांची झाडासारखी नक्षी दोन्ही पानांवर बिनचूक जुळत होती, तीही पिसे उमटली त्याच पृष्ठावर. मागाहून लेप लावला असता तर हे शक्य नव्हते.

१९९९ साली मात्र खरोखरच प्रक्षेप निघाला. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने नोव्हेंबरात 'आर्किओरॅप्टर' नावाचा, पक्ष्याचे अंग आणि डायनोसॉरची शेपटी असलेला जीवाश्म दुवा म्हणून झळकवला. लगोलग शू शिंग यांना चीनमध्ये त्या शेपटीच्या शिळेचे दुसरे पान मिळाले, आणि त्यावर पक्ष्याचे अंग नव्हते. किंमत वाढावी म्हणून वेगवेगळ्या शिळांचे तुकडे चिकटवलेले होते. गंमत अशी की ते तुकडे स्वतंत्रपणे अस्सल आणि मोलाचे होते. पुढचा भाग यानोर्निस या पक्ष्याचा आणि शेपटी मायक्रोरॅप्टरची. खोटा होता तो फक्त जोड. लोकांना हवा तसा 'दुवा' तयार करून देणारे हात नेहमीच मिळतात. आपल्या संतवाङ्मयाच्या हस्तलिखितांवर काम केलेल्यांना हे सांगण्याची गरज नाही.

'आद्य' म्हणजे काय?

आर्किओप्टेरिक्स आद्य पक्षी आहे का? २०११ मध्ये एका अभ्यासाने त्याला पक्ष्यांतून काढून डायनोसॉरांत नेले. दोनच वर्षांत दुसऱ्याने परत आणले. त्याच २०११ मध्ये प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हे नाव त्या एकट्या पिसावरून काढून लंडनच्या सांगाड्याशी जोडले, कारण पीस नेमके कोणाचे हे सांगणे अवघड होते. २०२५ साली शिकागोच्या नमुन्यात दंडाला जोडलेली लांब पिसे आढळली. पंख आणि अंग यांच्यातील फट ती भरून काढतात, आणि पक्ष्यासारख्या उडू न शकणाऱ्या डायनोसॉरांत ती दिसत नाहीत. आर्किओप्टेरिक्स थोडे का होईना उडत असावा, या मताला त्यामुळे आधार मिळाला. आणि त्याच वर्षी चीनच्या फूजियान प्रांतातून बामिनॉर्निस जाहीर झाला. तो जवळजवळ आर्किओप्टेरिक्सच्याच काळातला, पण शेपटी आजच्या पक्ष्यांसारखी आखूड. म्हणजे तेव्हा पक्षी एकटा नव्हता; आपणच त्याला एकटा समजत होतो.

आपण वाङ्मयेतिहास शिकवतो तेव्हा हीच चूक किती सहज करतो! 'लीळाचरित्र' हे मराठी गद्याची पायाभरणी म्हणून सांगतो. म्हाइंभट मराठी गद्याची पायाभरणी करायला बसले नव्हते. चक्रधरांच्या आठवणी विरून जाऊ नयेत, म्हणून ते त्या गोळा करीत हिंडत होते. गद्याला पुढे जे पंख फुटले त्यावरून आपण मागे वळून पाहतो आणि त्यांच्या कामाला आपले प्रयोजन चिकटवतो. 'यमुनापर्यटन' हे पहिल्या मराठी कादंबरीचे उदाहरण म्हणून परीक्षेत येते. हिंदू विधवांच्या स्थितीविषयी बाबा पदमनजींना १८५७ साली काय म्हणायचे होते, हे बऱ्याचदा उत्तरपत्रिकेत येतच नाही. जुन्या कृतीला नंतरच्या कृतीची पूर्वतयारी मानले की ती कृती हरवते. सायनोसॉरोप्टेरिक्स अपुरा पक्षी नव्हता. आपल्या तळ्याकाठी, आपल्या पट्टेरी शेपटीसह, तो पुरेपूर जगत होता.

कोशात 'पत्'चे अर्थ शेजारी शेजारी असतात, पण कोणता आधीचा हे कोश सांगत नाही. पिसाने मात्र आपला क्रम सांगितला आहे. तो ऐकण्यासाठी दगडाची दोन्ही पाने जुळवून पाहणारे, चुकीच्या नावाची पेटी पुन्हा उघडणारे आणि आपल्या आवडत्या निष्कर्षाआड येणारे हाड शोधत राहणारे वाचक लागले. आपल्या वर्गातूनही असे चार वाचक निघावेत, एवढीच अपेक्षा.